आण्णांची तुला आणि माझा आकडा

"पर हिचंच वजन किती असंल गं?"

पडद्यापलीकडच्या बाकावरून हे वाक्य आलं, तेव्हा मी वजनकाट्यावर पाच किलोचं माप ठेवून काटा बरोबर दाखवतोय का ते बघत होते. रोज सकाळी माझं पहिलं काम हेच. बोलणाऱ्या बाईंच्या मते त्या कुजबुजत होत्या. शेजारी बसलेली त्यांची सून म्हणाली, "आत्ती, हळू." त्यावर बाई म्हणाल्या, "हळूच म्हनतीया. आन् वंगाळ काय म्हनले? पोरगी अंगानं बरी हाय. तिनं आपल्याला वाळवायचं म्हंजी नवलच की."

मी माप उचललं, ओढणी सारखी केली, पडदा बाजूला केला आणि म्हटलं, "या, आत या." अशा वेळी मला याहून जास्त काही सुचत नाही. सुचतं ते संध्याकाळी, खोलीवर पोचून चहा टाकल्यावर.

बोलणाऱ्या बाई म्हणजे आक्का. त्या उठल्या, पण आत आधी आले ते त्यांचे यजमान, आण्णा. दाराच्या चौकटीला एक हात, सुनेच्या खांद्यावर दुसरा, आणि एकेक पाऊल जपून. सहा फूट उंची, फुटलेले कान, पांढऱ्या मिशा. काट्यावर उभे राहिले तेव्हा काट्याचे आकडे बराच वेळ थरथरत राहिले आणि मग एकशे सतरावर थांबले. आण्णांनी वाकून आकडा बघितला आणि समाधानानं मान हलवली. मला कळेना की हे कमी करायला आलेत की दाखवायला.

मी शिराळ्यातल्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. तशी पाटी माझ्या दारावर आहे, पण ती कोणी वाचत नाही. आजूबाजूच्या गावांत मी 'वजनवाल्या मॅडम' आहे. भाजी घेताना बायका पिशवी मागे लपवतात. एकदा वडापावच्या गाड्यावर मी उभी असताना मागून एक ओळखीचे गृहस्थ आले, मला बघून वळले, पुन्हा थांबले आणि मी काय घेतेय ते नीट बघून मगच त्यांनी स्वतःसाठी दोन सांगितले. त्यांचा तो निर्धास्त चेहरा मला अजून आठवतो.

बाहेरच्यांना वाटतं, आमचं काम म्हणजे हे खाऊ नका, ते खाऊ नका. खरं काम विचारण्याचं असतं. काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं, ते समोरच्याकडून काढून घ्यायचं. चहा कोणी सांगत नाही, कारण चहा काय खाणं हाय व्हय. येता-जाता डब्यातून घेतलेली शेंगदाण्यांची मूठ कोणाला आठवत नाही. भाकऱ्या किती विचारलं की सगळ्यांच्या दोनच असतात. मग मी विचारते, भाकरीवर पंजा ठेवला तर ती किती बाहेर राहते? साताऱ्यात आमच्या घरची भाकरी जवळजवळ माझ्या पंजाएवढी. इथली बघितल्यावर मला कळलं की या दोन म्हणजे आमच्या सहा.

मी लाजाळू, त्यामुळे हे काम मला जमणार नाही असं आईचं मत होतं. पण मी गप्प बसले की समोरच्याला ती शांतता सोसत नाही. तो आधी जेवण सांगतो, मग भावकीतलं भांडण सांगतो आणि शेवटी जिलेबी कबूल करतो.

अडचण एकच होती, मराठी आकड्यांची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे मला एकाच घरातले सारख्या चेहऱ्याचे भाऊ वाटायचे. कोणी आपलं वजन तोंडी सांगितलं की मी समजल्यासारखी मान हलवायचे आणि त्यांना काट्यावर उभं करून स्वतः बघून घ्यायचे. कार्डावर आकडा लिहायचा, कार्ड समोर फिरवायचं. तोंडानं आकडा कधीच उच्चारायचा नाही.

खरं सांगायचं तर याला भाषेपेक्षा जुनं कारण आहे. पाचवीत शाळेत आरोग्य तपासणी झाली होती. रांगेत उभं करून वजनं घेत होते. बाई काट्याशेजारी उभ्या राहून आकडे मोठ्यानं सांगत होत्या, कारण ते लिहून घेणारे क्लार्क लांब खिडकीपाशी बसले होते. माझा आकडा आला तेव्हा बाईंनी तो दोनदा सांगितला, क्लार्कना पहिल्यांदा खरा वाटला नाही म्हणून. वर्ग हसला. बाईंचा काही वाईट हेतू नव्हता, हे आता कळतं. पण त्या दिवसापासून माझं वजन मी कोणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. फॉर्मवर तो रकाना मी रिकामा सोडते.

आणि नोकरी धरली ती वजनं मोजायची.

पहिली नोकरी साताऱ्यातल्या एका सेंटरमध्ये होती. नाव सांगत नाही. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. आत शिरलं की भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर' असे जोडीनं लावलेले फोटो. 'आधी'मध्ये कोणीच हसत नसे. बाटलीत पावडर हलवून प्यायची, एक वेळ जेवायचं, आणि दर सोमवारी सगळ्यांसमोर वजन. तिथे कोरेगावची एक मुलगी आईबरोबर आली. लग्न दोन महिन्यांवर होतं. वजन अगदी तिच्या उंचीला शोभेल असं. आई म्हणाली, फोटोत गाल दिसतात. मुलगी म्हणाली, "मॅडम, मला काही जास्त नाही ना?" मला तिला म्हणायचं होतं की नाही, काही जास्त नाही, घरी जा, पुरणपोळी खा. मागे काचेच्या केबिनमध्ये आमचे सर बसलेले. मी कागद ओढला आणि तिला चार्ट लिहून दिला. तिनं तो पाळलाही. लग्नानंतर तिनं फोटो पाठवला. गाल दिसत नव्हते. गळ्याची हाडं दिसत होती आणि दागिन्यांच्या आत मुलगी कुठे आहे ते शोधावं लागत होतं. मी तिला छान म्हणून बदामाचं चित्र पाठवलं. महिन्याभरात ती नोकरी सोडली, पण सोडतानाही कारण घरगुती असंच सांगितलं. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितेय.

शिराळ्याच्या दवाखान्यात आल्यावर मला एक गोष्ट समजली. वजनाबद्दल या भागात एकाच वेळी दोन काळ चालू आहेत, आणि ते दोन्ही माझ्या बाकावर शेजारी शेजारी बसतात. एकाच मुलीबद्दल आजी म्हणते, वाळलीया, काठीला लुगडं गुंडाळल्यावानी दिसतीया. आई म्हणते, सुटत चाललीय, काहीतरी करा. आणि मुलगी मोबाइलमध्ये कोणाचं तरी सपाट पोट बघत असते. सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं येतात, त्यांना भरतीपुरतं वजन वाढवून हवं असतं, छाती तेवढी, पोट नको. एका माणसानं आपल्या म्हशीचंही विचारलं होतं. त्याला मी वरच्या गल्लीतल्या जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

आण्णा या दोन काळांतल्या पहिल्या काळाचे. आयुष्यभर वजन वाढवणं हाच त्यांचा धंदा. तरुणपणी कुस्त्या केल्या, नंतर गावच्या तालमीत वस्ताद म्हणून पोरं घडवली. मला म्हणाले, "माज्या वस्तादांनी सांगितलं, चढव. मी चढवलं. आता सत्तरीला तुमी सांगनार, उतरव. आमी ऐकायचं तरी कुनाचं?"

पण गुडघे ऐकेनासे झाले होते. साखर वाढलेली होती. दोन वर्षं ते तालमीच्या हौदात उतरले नव्हते. हौद म्हणजे लाल मातीचा आखाडा, दोन पायऱ्या खाली. पोरं खाली लढायची आणि आण्णा कडेला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून डाव सांगायचे. मिरजेच्या सर्जननी गुडघा बदलायचं कबूल केलं होतं, पण एक अट घातली. पंच्याण्णवच्या खाली या, मग ऑपरेशन. आण्णांना ऑपरेशनचं कौतुक नव्हतं. त्यांना फक्त त्या दोन पायऱ्या उतरायच्या होत्या. "पोराचा खांदा धरून दाखवल्याबिगार डाव कळत न्हाई," म्हणाले. "खुर्चीतनं सांगितलेला डाव रेडिओवर ऐकल्यागत व्हतुया."

पहिल्या दिवशी मी फार काही बदललं नाही. चार भाकऱ्यांच्या दोन केल्या, ताटात आधी भाजी आणि काकडी, दुधाचा तांब्या जाऊन पेला आला. मटण बंद करू का, असं आण्णांनी इतक्या हळू विचारलं की मला हसू आलं. महिन्यातनं दोनदा खा म्हटलं, वरची तर्री काढून. त्यांनी आक्कांकडे बघितलं. आक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून आक्का माझ्या बाजूला आल्या.

खरी आहारतज्ज्ञ आक्का. त्यांनी घरातली एक वाटी बाजूला काढली, तिला लाल दोरा बांधला आणि आण्णांची भाजी, आमटी, भात सगळं त्याच वाटीनं मोजलं. दिनदर्शिकेवर रोज खूण. आण्णांनी जास्तीचं मागितलं तर त्या म्हणायच्या, "वजनवाल्या मॅडमला फोन लावू का?" माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता. आण्णांना ते माहीत नव्हतं.

आठ महिन्यांत आण्णा शहाण्णववर आले. तोवर पंच्याण्णवच्या खाली येतील या भरवशावर सर्जननी तारीख दिली. आमच्या छोट्या खोलीत आनंदीआनंद. आण्णा आता सुनेच्या खांद्याशिवाय चालत यायचे. मी कार्डावर आकडा लिहिला की ते वाचून आक्कांना दाखवायचे आणि आक्का तो बोटांवर मोजून बघायच्या.

आणि पुढच्या खेपेला, तीन आठवड्यांनी, काटा नव्व्याण्णववर थांबला.

मी काटा पुसला, माप ठेवून बघितलं, पुन्हा उभं केलं. नव्व्याण्णवच. आदल्या दिवसाचं खाणं विचारलं. आण्णांनी अगदी वहीत लिहिल्यासारखं सांगितलं. दोन भाकऱ्या, लाल दोऱ्याची वाटी, काकडी. मी गप्प बसले. नेहमी ही शांतता काम करते. त्या दिवशी तिनं आक्कांवर काम केलं.

"सांगा की आता," आक्का म्हणाल्या. "का मी सांगू?" आणि उत्तराची वाट न बघता त्यांनीच सांगून टाकलं. आण्णांना सत्तर पूर्ण होणार, म्हणून मुलांनी आणि तालमीतल्या पोरांनी त्यांची गूळतुला करायची ठरवली होती. एका पारड्यात आण्णा, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा, आणि तेवढा गूळ गावाला वाटायचा. तुला ऑपरेशनच्या आठवडाभर आधी होती. मागच्या वर्षी शेजारच्या गावातल्या सोसायटीच्या चेअरमनची झाली होती, एकशे आठ किलोची. त्या चेअरमननी आयुष्यात एकही कुस्ती केली नव्हती. आणि आण्णांना रोज पारावर कोणी ना कोणी विचारायचं, पैलवान, तुमचं किती भरंल?

त्यामुळे आण्णा रोज पहाटे तालमीत जाऊन थंडाई प्यायला लागले होते. बदाम, खसखस, म्हशीचं दूध. पोरं घोटायची आणि पहिला मोठा पेला वस्तादांचा. आक्कांना हे कळलं ते मिशीला लागलेल्या मलईवरून.

मला बोलायला हवं होतं. कोरेगावची मुलगी माझ्यासमोर बसल्यासारखी वाटली. पण सत्तरीच्या पैलवानाला काय बोलायचं आणि कोणत्या शब्दांत, ते मला येईना. मी कार्डावर 'पंच्याण्णव' लिहिलं, त्याखाली रेघ मारली, ऑपरेशनची तारीख लिहिली आणि कार्ड त्यांच्याकडे फिरवलं.

आण्णांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, हे मला कळतंया. पर गावाम्होरं पारड्यात बसायचं आन् पारडं वर जायाचं, ही लाज येगळी असती. तुमाला न्हाई कळायची."

"कळते," मी म्हटलं.

एवढा एकच शब्द, पण तो बहुतेक वेगळ्या आवाजात गेला असावा. आण्णांनी मान वर केली आणि मला पहिल्यांदा नीट बघितलं. वस्ताद लोक समोरच्याचं अंग बघून त्याची भीती ओळखतात म्हणे.

"तुमी ह्या काट्यावर कवा उभ्या ऱ्हायला?"

मी म्हटलं, सकाळी, कोणी नसताना.

"आमच्याम्होरं?"

मी मान हलवली. नाही.

"मंग बगा," आण्णा म्हणाले. "वर्सभर तुमी आमचं आकडं लिवताय. तुमचा आकडा कुनाला ठावं न्हाई. ही काय बरुबरीची कुस्ती न्हवं. मी थंडाई सोडतो. जे खरं वजन हाय ते घिऊन गावाम्होरं पारड्यात बसतो. पर त्या दिशी माईकवर माजा आकडा तुमी सांगायचा, आन् त्याच्या पाठोपाठ तुमचा. हाय कबूल?"

आक्का म्हणाल्या, आवं, पोरीला कशाला त्यात ओढताय. आण्णांनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. कुस्ती लावताना दोन पैलवान हात मिळवतात, तसा त्यांनी टेबलावरून हात पुढे केला. तळवा माझ्या चेहऱ्याएवढा असेल. मी सहसा कोणाशी हात मिळवत नाही. पण त्या हाताच्या खाली कार्ड होतं आणि कार्डावर तारीख होती. मी हात दिला.

पुढचे सहा आठवडे आण्णांनी इमानानं पाळले. मी नाही पाळले, हे इथे सांगायला हवं. दुसऱ्याच दिवसापासून मी रात्रीचं जेवण सोडलं. मनात हिशेब असा की आकडा सांगायचाच आहे तर निदान पंच्याहत्तर तरी सांगू. लोकांना मी रोज बजावते की उपाशी राहू नका, चक्कर येईल, उलट दुसऱ्या दिवशी दुप्पट खाल. सहाव्या दिवशी मला दवाखान्यात चक्कर आली आणि सातव्या दिवशी, शनिवारी, साताऱ्याला घरी जाऊन मी आईच्या हातच्या पाच पुऱ्या आणि श्रीखंड खाल्लं. सगळं अगदी पुस्तकातल्यासारखं झालं. आईनं विचारलं, काय झालंय? मी तिला सौदा सांगितला. ती म्हणाली, "अगं, लोकांना कशाला सांगायचं असलं?" मग हळूच म्हणाली, "किती आहे?" आम्ही दोघी हसलो. मी तिलाही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून रात्री जेवायला लागले.

तुलेच्या दिवशी सकाळी दवाखान्यात आण्णांना काट्यावर घेतलं. चौऱ्याण्णव. त्यांना घेऊन गाडी पुढे गेली आणि मग खोलीत कोणी नाही असं बघून मी उभी राहिले. माझ्या आकड्यात काडीचाही फरक नव्हता.

तुला तालमीसमोरच्या पटांगणात होती. तीन लाकडी खांबांची तिकाटणी, तिला लोंबणारा मोठा तराजू, पारड्यांना झेंडूच्या माळा. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुढच्या ओळीत आक्का आणि त्यांची सून. पुरुष उभे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गुळाच्या ढेपा रचलेल्या. आण्णांना खाली मांडी घालता येत नव्हती, म्हणून पारड्यात प्लॅस्टिकची खुर्ची बांधली होती. मला राहवलं नाही. ढेपा चढवणाऱ्या पोराला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की तशीच एक रिकामी खुर्ची समोरच्या पारड्यातही ठेवायला हवी, नाहीतर खुर्चीचं वजन आण्णांच्या नावावर जाईल. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की एवढी सोन्यासारखी सोय मी कशाला मोडतेय. पण खुर्ची आणली.

चढण्याआधी आण्णांनी खिसे रिकामे केले. मोबाइल, किल्ल्या, चष्म्याचं घर, तंबाखूची डबी. टेबलावर एकेक वस्तू ठेवली. मग माझ्याकडे बघितलं, कमरेच्या शेल्यात हात घातला आणि दोन किलोचं एक लोखंडी माप काढून त्या वस्तूंच्या शेजारी ठेवलं.

"मोह झाला व्हता," म्हणाले.

मग वाकून तालमीच्या उंबऱ्याची चिमूटभर माती कपाळाला लावली आणि दोन पोरांच्या आधारानं खुर्चीत जाऊन बसले.

ढेपा चढायला लागल्या. दहा-दहा किलोची एकेक. लोक मोजत होते. सात, आठ. नवव्या ढेपेला आण्णांचं पारडं जागच्या जागी जरा हललं. मग पोरांनी किलोकिलोच्या लहान ढेपा ठेवल्या, एक, दोन, तीन, चार. पारडं जमिनीपासून सुटलं, तराजूचा दांडा सरळ झाला आणि थांबला. पोरांचे हात पुढच्या ढेपेकडे गेलेले तसेच राहिले.

कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. मी म्हटलं, "आण्णांचं वजन चौऱ्याण्णव किलो." माझा आवाज समोरच्या देवळावर आपटून परत आला.

लोकांत चुळबूळ झाली. मागून एक जण म्हणाला, चेअरमनपरास कमीच की. दुसरा म्हणाला, पैलवान लय वाळलं. आण्णा खुर्चीत ताठ बसले होते, पण त्यांच्या मिशीची टोकं मला दिसत होती आणि ती हलत होती. ट्रॉलीत दोन मोठ्या ढेपा आणि तीन लहान तशाच पडून होत्या. त्यांच्याकडे बघून कोणी हसलंही.

तेव्हा आक्का उठल्या. पदर खोचून ट्रॉलीपाशी गेल्या. गूळ त्यांनीच सांगितला होता, गेल्या वर्षीच्या वजनाचा, बरोबर एकशे सतरा किलो. आता कळलं की ते चुकून नव्हतं.

"ह्यो ऱ्हायलेला तेवीस किलो," आक्का म्हणाल्या, माईकशिवाय, पण शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "ह्यो बी ह्येंचाच हाय. वर्सभर रोज थोडा थोडा माज्या म्होरं उतरवलाय. मी मोजलाय. चेअरमननी जेवून मिळवला, ह्येंनी न जेवून. वाटा त्यो बी."

मग तालमीतली पोरं ओरडली, आणि मग सगळेच. त्या उरलेल्या ढेपा लोकांनी हातोहात खाली घेतल्या. चौऱ्याण्णव किलो गूळ पारड्यात होता, पण जो तो उतरलेल्या तेवीस किलोतलाच खडा मागत होता. जवळच उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या पैलवानानं मला विचारलं की हे उतरवायचं तुमच्याकडं कोणत्या वारी असतं.

ऑपरेशन ठरल्या दिवशी मिरजेत झालं. आता सकाळी तालमीत गेलं तर आण्णा हौदात दिसतात, एका पोराचा खांदा धरून. थंडाईचा पहिला पेला अजून वस्तादांनाच देतात. तो लाल दोऱ्याच्या वाटीएवढा असतो.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी, लोक गुळात गुंतलेले बघून, मी माईक हळूच टेबलावर ठेवला होता. लोखंडी मापाच्या शेजारी. मला वाटलं, सुटले.

"मॅडम," आण्णा पारड्यातूनच म्हणाले. ते अजून उतरले नव्हते. त्यांनी हात पुढे केला, दवाखान्यात टेबलावरून केला होता तसा. "ऱ्हायलं की."

माईक पुन्हा माझ्या हातात आला. लोक वळून बघायला लागले. मला पाचवीतल्या बाई आठवल्या, खिडकीपाशी बसलेले क्लार्क आठवले. या वेळी आकडा दुसरं कोणी सांगणार नव्हतं. आणि तो एकच वेळा सांगायचा होता, मराठीत, न अडखळता. पुढच्या ओळीत आक्का परत जागेवर येऊन बसल्या होत्या, हातात गुळाचा खडा. सुनेनं काहीतरी कानात सांगितलं, आणि आक्कांनी पदर तोंडाला लावला. त्यांना पडद्यापलीकडचा तो दिवस आठवला असणार, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं.

मी माईक तोंडाजवळ धरला.

"आक्का," मी म्हटलं, "तुम्ही पहिल्या दिवशी बाकावर बसून विचारलं होतंत ना? एकोणऐंशी किलो."